दोन्ही हात स्टिअरिंगवर

आमच्या सोफ्याच्या पाठीवर काळपट पंजे उमटलेले आहेत. साबण लावा, सोडा लावा, जात नाहीत. पाहुणे विचारतात, घरात लहान मुलं आहेत वाटतं? मी म्हणते, लहान कसली, चांगली मिशीवाली आहेत आणि सरकारी पगार घेतात.

आमचे हे पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवतात. रस्त्यावर गाडी कशी अडवायची, हा त्यांचा विषय. तुम्हाला वाटेल, त्यात शिकवण्यासारखं काय आहे, शिट्टी मारली की झालं. मलाही लग्नानंतर तसंच वाटायचं. मग रविवारी पोरं घरी यायला लागली. वर्गात ज्यांचं चुकायचं ती यायची आणि ज्यांना जास्तच हौस असायची तीही यायची. बैठकीतल्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या की पुढच्या सीट, त्यामागे सोफा ओढला की मागची सीट आणि डिकी. उजव्या खुर्चीत मी. हातात पातेल्याचं झाकण, ते स्टिअरिंग. केंद्रात मला सगळे ड्रायव्हरकाकू म्हणतात. खरी गाडी मी जन्मात चालवलेली नाही, पण मला अडवलंय मात्र पोत्यानं.

तर ऐका, कशी अडवतात ते. पोलीस उतरायच्या आधी वायरलेसवर गाडीचा नंबर आणि जागा सांगतो, म्हणजे पुढे त्याचं काही बरंवाईट झालं तर निदान कुठे शोधायचं ते कळतं. आपली गाडी तो मागे लावतो, पण अगदी सरळ रेषेत नाही, रस्त्याच्या बाजूला जरा सरकवून. मागून कुणी भरधाव आला तर आधी ती गाडी ठोकली जावी, चालणारा माणूस वाचावा म्हणून. मग पुढे येताना डिकीवर पंजा दाबतो. डिकी नीट लागलीय ना, आत कुणी दडून बसलेलं नाही ना, हे कळतं. शिवाय हाताचा ठसा राहतो. गाडी पळाली आणि पोलीस मेला, तर याच गाडीला त्याचा हात लागला होता, हे सिद्ध करता येतं. आमच्या सोफ्यावर हे सगळे पुरावे आहेत. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, माझ्या सोफ्यानं कुणाचा खून केलाय का हो? पोरं पोट धरधरून हसली. हे नाही हसले. ह्यांना ह्या विषयावर हसलेलं खपत नाही.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. पोलीस खिडकीशी येऊन उभा राहत नाही. ड्रायव्हरच्या खांद्याच्या मागे, दोन दारांच्या मधल्या खांबापाशी थांबतो. दार खाडकन उघडलं तरी लागत नाही, आणि ड्रायव्हरला काही करायचं झालं तर मान पिरगाळून मागे वळावं लागतं. तिथून बघायचं काय, तर हात. "दोन्ही हात स्टिअरिंगवर!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की भाजी चिरतानासुद्धा कुणी ओरडलं तर सुरी टाकून हात वर करीन.

"हात बघा," हे बजावायचे. "चेहरा बघू नका. चेहरा फसवतो. माणूस मारतो तो हातानं."

हे काही पुस्तकातलं नव्हतं. ह्यांचा एक जोडीदार होता, नोकरीच्या सुरुवातीचा. त्यानं एक गाडी अडवली. चालवणारा म्हातारा ढसाढसा रडत होता. जोडीदारानं काय झालं बाबा म्हणून खिडकीतून डोकं आत घातलं, आणि म्हाताऱ्यानं मांडीखालचा चाकू त्याच्या गळ्यात घातला. आमचे हे मागच्या गाडीत बसून बघत होते. तेव्हापासून ह्यांनी चेहऱ्याचं नावच टाकलं. मी ह्याला नावं ठेवत नाही. जोडीदाराचं रक्त ज्याच्या डोळ्यांदेखत सांडलं त्यानं असं शिकवलं, तर ते मला कळतं.

त्या पोरांत एक लंबू होता. दारातून वाकून यायचा, वाकून जायचा. इतकी पोरं आली-गेली, पण जीव लागला तो त्याच्यावर. खाण्यात लाजायचा नाही, ताट स्वतः धुवायचा, आणि सरांचा शब्द म्हणजे त्याला दगडावरची रेघ. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला की मला खरंच वाटायचं, कुणीतरी आपल्याला अडवलंय. त्याच्या आवाजात राग नसायचा, घाई नसायची, पण सुटका पण नसायची. तुकडीत पहिला आला. हे म्हणाले, "असा पोरगा पुन्हा होणे नाही." सख्ख्या मुलाचं कौतुक करावं तसं म्हणाले. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून सांगते.

आता माझा दादा. माझा मोठा भाऊ, लग्न न केलेला, आणि धंदा काय तर कवळ्या बनवायचा. शहरातल्या दातांच्या डॉक्टरांना तो कवळ्या करून द्यायचा. त्याच्या कामाच्या खोलीत फळीवर कवळ्यांची रांग लागलेली असायची. म्हणायचा, "माझ्या घरी ये, सगळे दात काढून स्वागत करतात." एकेक दात चिमट्यात धरून, डाव्या हातात साचा फिरवत बसायचा तासन्‌तास. बोळक्या तोंडाची बाई डॉक्टरकडे जायची आणि हसत बाहेर यायची, त्यात अर्धं काम दादाच्या बोटांचं असायचं. त्याला माझ्या नवऱ्याचा विषय भारी गमतीचा वाटायचा. "दाजी, मी कवळी तोंडात बघून करतो आणि तुम्ही तोंड बघायचंच नाही म्हणता. आपलं जमायचं कसं?"

तो भर दुपारी कवळ्या पोचवायला निघाला होता. चांगलं ऊन होतं, रस्ता मोकळा होता. त्याची गाडी एकसारखी डावीकडे सरकायला लागली, पट्टा ओलांडून पार कडेला घासली, आणि तिथे एका पोलिसानं त्याला थांबवलं.

मला हे कळलं तेव्हा दादा इस्पितळात होता. हे मला न्यायला आले. खाटेवर माझा भाऊ पडला होता आणि त्याच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. डॉक्टरीणबाई म्हणाली, मेंदूत रक्ताची गाठ अडकली. सुरुवातीच्या वेळात इंजेक्शन दिलं तर गाठ विरघळते, पुष्कळदा माणूस चालत घरी जातो. "ह्यांना फार उशिरा आणलं तुम्ही," असं म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. आम्ही आणलं? अहो बाई, आम्ही कुठे आणलं? तो तर पोलिसांकडे होता!

मग कळलं. दारू प्यायलाय असं समजून त्याला रस्त्यावर ताटकळत ठेवलं होतं, आणखी एक गाडी येईपर्यंत. मग ठाण्यावर नेलं, बाकावर बसवलं, नळीत फुंकायला लावलं. दारूचा टिपूस नाही. तरी बसवूनच ठेवलं, काहीतरी दुसरं घेतलं असेल म्हणून. शेवटी टेबलामागची अंमलदार बाई त्याचा जबाब लिहायला समोर बसली, वर बघितलं आणि किंचाळली, "अरे, ह्यांचं तोंड बघा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी मी तक्रार दिली. जो कोणी असेल त्याची वर्दी उतरवा, म्हटलं. नाव मला माहीत नव्हतं. हे बाजूलाच उभे होते. मी सही करत होते आणि हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, मेव्हण्याच्या दुःखानं.

दादा घरी आला तोवर त्याचा डावा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा झाला होता. आणि गंमत बघा, गंमत कसली, चीड येते सांगताना. त्याला ते कळतच नव्हतं. ह्या आजारात होतं म्हणे असं. मेंदूचा तो भाग गेला की आपला डावा हात गेलाय हेच माणसाला उमगत नाही. मी म्हणायची, "दादा, हात वर कर." तो म्हणायचा, "केलाय की." हात मांडीवरच.

लंबू आला तो रविवारी नाही, आडवारी आला. हे कामावर होते. दारातून वाकला आणि तसाच वाकलेला उभा राहिला.

"काकू, तक्रारीतला पोलीस मी आहे."

माझ्या हातातून कपबशी पडली नाही की मला भोवळ आली नाही. मी त्याला म्हटलं, "चालता हो."

तो गेला नाही. म्हणाला, "जातो. पण काय झालं ते तुम्ही एकदा ऐका. नंतर मला मारा हवं तर."

आणि तो सांगायला लागला. गाडी डावीकडे जात होती म्हणून थांबवली. वायरलेसवर नंबर सांगितला. गाडी मागे जरा सरकवून लावली. डिकीवर हात ठेवला. मागची सीट बघितली, खोके होते. मग खांबापाशी थांबला.

"मामांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता. डावा खाली, सीटच्या फटीत. मला दिसत नव्हता. मी म्हटलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मामा म्हणाले, ठेवलेत की."

"मग?"

"ठेवले नव्हते ना काकू. एकच होता. मी परत सांगितलं. परत म्हणाले, ठेवलेत की दोन्ही, दिसत नाही का? बोलणं जड येत होतं. माणूस एक हात लपवतोय, विचारलं तर खोटं सांगतोय, जीभ अडखळतेय. अशा वेळी काय करायचं?"

काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. जवळ जायचं नाही. मागे सरायचं, आपल्या गाडीच्या दाराआड उभं राहायचं, जादा कुमक मागवायची, आणि ती येईपर्यंत नजर हातावरून हलवायची नाही.

"मी मागे सरलो," लंबू म्हणाला. "कुमक यायला वेळ लागला. तेवढा वेळ मी त्या खांद्याकडे बघत होतो, हात कधी हलतोय म्हणून. तो हललाच नाही. मला वाटलं, हा काहीतरी घट्ट धरून बसलाय."

"तू दादाला ओळखलं नाहीस? तुझ्या सरांचा मेव्हणा आहे तो. इथे भेटलायस त्याला!"

"मागून डोकं दिसत होतं, काकू. नुसतं डोकं. कुमक आली तेव्हा त्यांनीच उतरवून नेलं, मी रस्त्यावरच राहिलो." तो रडायला लागला. एवढा ताडमाड माणूस, आणि नाक ओढत रडत होता. "ओघळलेली बाजू डावी होती. मी उजवीकडे, मागे. पुढे जाऊन एकदा वाकून बघितलं असतं तर... पण चेहरा बघायचा नाही ना. चेहरा नाही बघायचा."

त्याला काय वाटत होतं कुणास ठाऊक, मला तर माझी बैठक दिसत होती. ते सगळं इथेच झालं होतं, ह्या खुर्च्यांत, माझ्याच अंगावर, रविवारमागून रविवार. त्यानं रस्त्यावर एकही गोष्ट स्वतःच्या मनानं केली नव्हती. मी त्याला पाणी दिलं. माफ केलं असं नाही. माझ्या भावाचा हात गेलाय, माफी काय वाटेवर पडलीय? पण वर्दी त्याची एकट्याची उतरावी असं मात्र मला वाटेना.

संध्याकाळी हे आले. बूट काढत होते तेवढ्यात मी म्हटलं, "लंबू येऊन गेला."

ह्यांचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सही करत होते तेव्हाही माहीत होतं."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"त्यानं काय चुकवलं ते मला सांगा. एक गोष्ट सांगा. मार्क देता ना तुम्ही? किती दिले असते त्याला?"

ह्यांनी एक बूट काढून भिंतीशी ठेवला. मग हळूच म्हणाले, "पैकीच्या पैकी."

"मग हेच चौकशीत सांगा."

"अगं, कळतंय का तुला, काय बोलतेस? मी असं सांगितलं तर चौकशी त्याची राहत नाही, माझी होते. शिकवणं माझ्याकडून काढून घेतील. आत्तापर्यंत जी पोरं माझ्या हाताखालून गेली ती सगळी चुकीचं शिकलीत, असा अर्थ निघेल त्याचा."

"निघू दे ना! खराच आहे तो."

"खरा नाही!" हे ओरडले. लग्नानंतर माझ्यावर ओरडल्याचं मला आठवत नाही. "माझी किती पोरं जिवंत घरी आली त्यामुळे. ती कुणी मोजत नाही."

ते खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं. हा माणूस वाईट असता तर मी कधीच बॅग भरून दादाकडे गेले असते. मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "तुमच्या पोरांना चाकूपासून वाचवलंत, मान्य. पण मांडीखाली चाकू नसलेली माणसंही गाडी चालवतात हो. माझा भाऊ चालवत होता. तुम्ही नुसतं एवढं म्हणा, की त्याला मी असं शिकवलं होतं. तो पोरगा वाचेल. दुसरं मला काही नको. दादाचा हात काही मी परत मागत नाहीये."

ह्यांनी दुसरा बूट काढून पहिल्याशेजारी ठेवला. मग म्हणाले, "सांगतो." आणि माझा हात हातात घेऊन परत म्हणाले, "सांगतो मी." त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

चौकशीची खोली म्हणजे एक लांबडं टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. चौकशी करणारे साहेब सभ्य होते. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं, दादाची तब्येत विचारली. समोर लंबू साध्या कपड्यांत उभा होता. वर्दी नसली की ती पोरं किती कोवळी दिसतात. त्याला सांगितलं गेलं होतं, शिकवल्याप्रमाणे वागला असेल तर ताकीद मिळून कामावर जाईल. शिकवलेलं सोडून वागला असेल तर घरी. मधलं काही नाही.

दादाचा जबाब आधीच घेतलेला होता. साहेबांनी तो वाचला. "माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते," असं त्यात होतं. दादा अजूनही तसंच म्हणतो, शपथेवर म्हणेल. साहेबांनी मान हलवली आणि कागद बाजूला ठेवला. रुग्णाचं म्हणणं धरता येत नाही, म्हणाले.

मग ह्यांना बोलावलं. कडक इस्त्रीची वर्दी, टोपी काखेत. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

साहेब म्हणाले, "ड्रायव्हरचे फक्त हात बघा, चेहरा बघू नका, असं केंद्रात शिकवलं जातं का?"

"नाही साहेब," हे म्हणाले. "आम्ही पूर्ण माणूस बघायला शिकवतो. हात बघायचेच, पण चेहराही बघायचा. कोण आजारी आहे, कोण प्यायलेलं आहे, हे चेहऱ्यावरून ओळखायचं असतं. हा आमचा पहिला धडा आहे."

अडखळले नाहीत. जीभ चाचरली नाही. माझा नवरा इतकं सफाईनं खोटं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी उठले. "खोटं आहे हे! माझ्या घरात शिकवतात. माझ्यावर शिकवतात. ड्रायव्हरच्या खुर्चीत मीच असते, मला विचारा!"

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाई, तक्रार तुमचीच आहे ना? निर्णय तुमच्याच बाजूनं जातोय."

"मला नकोय माझ्या बाजूनं!"

"तुम्ही केंद्रात नोकरीला आहात का?"

"नाही."

"मग तुमचं म्हणणं मला नोंदवता येणार नाही." आणि लंबूकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हाला काय शिकवलं होतं?"

मी मनात म्हटलं, बोल रे बाबा. आता तरी बोल. तुझ्या तुकडीतली पोरं आहेत, त्यांना बोलावू दे साहेबांना. एक जण तरी खरं सांगेल. लंबूनं सरांकडे बघितलं. हे समोर भिंतीकडे बघत होते, ताठ, आणि कानशिलावरून घामाची धार उतरत होती. लंबूला ती दिसली. त्याला दिसणारच, बारकाईनं बघायला ह्यांनीच शिकवलं होतं.

"सर सांगतात तेच बरोबर आहे साहेब," तो म्हणाला. "शिकवलं होतं. माझ्याकडून राहून गेलं."

झालं. पंखा कुरकुरत होता. साहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात मी लंबूचा दंड धरला. "मूर्खा, असं का केलंस? तुझं आयुष्य आहे ते!"

"सरांची नोकरी संपत आलीय काकू. मला दुसरं काही मिळेल." मग म्हणाला, "आणि सर गेले तर नव्या पोरांना कोण शिकवणार?" त्याला खरंच तसं वाटत होतं. थट्टा करत नव्हता. मला हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी कळेना. त्यानं दादाला नमस्कार सांगितला आणि गेला.

घरी जाताना गाडीत हे म्हणाले, "पोरगा गुणी आहे." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. पुन्हा म्हणाले, "मी त्याच्यासाठी कुठेतरी शब्द टाकीन. मोठ्या दुकानांना राखणदार लागतात." माझा ह्यांच्याशी बोलायचा विषयच संपला होता.

पुढच्या रविवारी नवी तुकडी आली. मी खुर्चीत बसायला नकार दिला. ह्यांनी एका पोराला ड्रायव्हर केलं, हातात झाकण दिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. डिकीवर पंजा दाबून झाला, मागची सीट बघून झाली, एक पोरगी खांबापाशी येऊन थांबली. हे म्हणाले, "थांब. आता एक पाऊल पुढे ये, वाक, आणि चेहरा बघ. सरळ आहे का वाकडा? बोलणं जड आहे का? हात वर करायला सांग, दोन्ही सारखे वर येतात का? हे कधी विसरायचं नाही. आपल्याकडे पहिल्यापासून हेच शिकवतात."

चांगलं शिकवत होते हो. नीट समजावून, जीव तोडून. त्या पोरीला नीट वाकता येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावलं.

एका पोरानं विचारलं, "सर, ते मागच्या तुकडीतले लंबूसर घरी गेले, ते हेच विसरले म्हणून ना?"

"हो," हे म्हणाले. "काही जण शिकवलेलं विसरतात."

मी पुढे झाले. "विसरला नाही तो!" माझा आवाज इतका चिरका निघाला की माझाच मला ओळखू येईना. "त्याला हे शिकवलंच नव्हतं. हे आज, आत्ता, पहिल्यांदा शिकवतायत. चेहरा बघू नका, चेहरा बघू नका, असं ह्याच खोलीत ह्यांनी हजारदा सांगितलं, मी ऐकलंय, मी ड्रायव्हर होते! त्या पोरानं तुमच्या ह्या सरांचं ऐकलं म्हणून माझ्या भावाचा हात गेला, आणि ह्यांचं नाव राखलं म्हणून त्याची नोकरी गेली. आणि हे इथे बसून त्यालाच..."

पोरं खाली बघत होती, मग वर सरांकडे बघायला लागली. हे उठले. माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. हे पोरांकडे वळून अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाले, "ज्यांना अडवलं होतं ते काकूंचे सख्खे भाऊ. फार मनाला लावून घेतलंय त्यांनी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

पोरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. एकदोघांनी माना हलवल्या, ड्रायव्हर झालेला पोरगा खुर्चीतून उठला. आणि ती मघाची पोरगी, चेहरा बघायला शिकलेली, चटकन उठली, माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आली. "बसा काकू," ती म्हणाली, आणि मला धरून, सांभाळून, ड्रायव्हरच्या खुर्चीत बसवलं.